साडेचारपर्यंत

जहाज ग्रेनाडाच्या धक्क्याला लागलं तेव्हा
गावापेक्षा आम्हीच उंच होतो.
चर्चच्या मनोऱ्याकडे खाली पाहावं लागलं,
आणि मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

गळ्यात कार्डं, नाकावर मलम,
तात्यांच्या डोक्यावर हेमंतची टोपी, कानांपर्यंत उतरलेली.
'साडेचारला परत. जहाज कोणासाठी थांबत नाही,'
लाऊडस्पीकर म्हणाला.
'ठाऊक आहे,' तात्या त्याला म्हणाले.

धक्क्यावर क्यूथबर्ट.
व्हॅनच्या खिडकीत हँगरला इस्त्रीचा शर्ट,
संध्याकाळी चर्चमध्ये गाण्याचा सराव म्हणून.
रस्ताभर हॉर्न वाजवत होता,
गाड्यांना नव्हे, माणसांना:
केळी विकणारीला एक, न्हाव्याला एक,
ओट्यावर झोपलेल्या म्हाताऱ्याला अगदी हळू एक.

धबधब्यावर एक पोरगा पैशासाठी उडी मारतो.
मारली. हेमंतच्या फोनमध्ये नीट आली नाही.
'पुन्हा सांग ना त्याला.'
पोरगा पुन्हा वर चढला, निथळत,
आणि या वेळी आमच्याकडे न बघता उडी मारली.
हेमंतनं दुप्पट पैसे दिले.
ऋजुता त्याच्याशी जेवणापर्यंत बोलली नाही.

मग जायफळाची वखार.
लाकडी जिने, अर्धा अंधार, गोण्यांवर दूरच्या बंदरांची नावं,
आणि वास असा, की सण आहे पण घरात कोणी नाही.
बायका बाकांवर बसून फळं निवडत होत्या.
मिस उर्सुलानं एक फोडून तात्यांच्या हातावर ठेवलं:
काळ्या बीवर लाल ओली जाळी.
'जायपत्री,' तात्या म्हणाले.
तिनं शब्द तोंडात घोळवून पाहिला,
'जाय... पत्री,'
आणि मान डोलावली, चव पटल्यासारखी.

तात्यांना एकदम बोलायचं होतं.
'तिला सांग, ही रात्रभर रडायची.
हिच्या आईला रात्रपाळी असायची हॉस्पिटलात.
मग मी जायफळ उगाळून चाटवायचो.
सहाणेवर दोन वेढे. जास्त नाही.'

मी सांगायला लागले आणि 'उगाळणे'पाशी अडले.
किसणं नव्हे. वाटणंही नव्हे.
हवेतच हात गोल फिरवला,
उर्सुलानंही तिचा फिरवला,
एक वेढा, दोन वेढे,
आणि दोघी थांबलो.

शेचाळीस वर्षं मी समजत होते
की मला आई झोपवायची.

परतताना क्यूथबर्ट झाडांबद्दल बोलला.
वादळानं सगळी आडवी केली होती.
नवीन लावलं की सहा-सात वर्षं नुसतं बघत बसायचं,
नर आहे की मादी, तेही तोवर सांगत नाही.
'नर निघालं तर?' ऋजुतानं विचारलं.
'एखादं ठेवायचं. बाकीची तोडायची,' तो म्हणाला,
आणि त्याच सुरात, पुढचं वळण घेताना,
'माझी शर्मेल जहाजावर असते. तुमच्या नाही, दुसऱ्या.
धुलाईत. तळमजल्याला खिडक्या नसतात.
फेब्रुवारीत तिचं जहाज इथे लागलं होतं, तिला पाळी होती.
धक्क्यावरून फोन केला. म्हणाली,
डॅडी, मी तुमच्यापासून दोनशे फुटांवर आहे.
मी म्हटलं, कुठल्या बाजूला?
ते तिलाही माहीत नव्हतं.'

व्हॅनमध्ये कोणी काही बोललं नाही.
हेमंत पाकिटातल्या नोटा मोजायला लागला,
मग थांबला, सगळ्याच दिल्या.
क्यूथबर्टनं मोजून ठरलेले घेतले, बाकीचे परत केले.

ताजं फळ जहाजावर चालत नाही.
दारातल्या मुलीनं ते डब्यात टाकलं.
तात्यांनी तळहात पुढे केला:
'हा रंग चालेल ना?'
तिला कळलं नाही. मी भाषांतर केलं नाही.

केबिनमध्ये पलंगावर टॉवेलचा हत्ती बसलेला.
कोणी केला, आम्ही आठ दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.
तात्यांनी तो न मोडता खुर्चीवर ठेवला
आणि अंघोळीला जुना पंचा काढला.

साडेचार.
भोंगा वाजला, सगळं बेट हादरल्यासारखं.
खाली ती पांढरी व्हॅन अजून उभी होती.
हॉर्न वाजवत असावी, ऐकू येत नव्हतं,
फक्त दिवे लागत विझत होते
पाण्याच्या पातळीशी, आमच्या पुष्कळ खाली.
ऋजुता हात हलवायला लागली.

'आपल्याला नाही तो,' तात्या म्हणाले,
आणि त्यांनीही हात वर केला.